काकांच्या ओम्नीतलं सर्किट : घरचं इलेक्ट्रॉनिक्स गाडीत टिकवताना

टेबलावर महिनाभर नीट चालणारं सर्किट गाडीत बसवलं की आठवड्यात मरतं, ही तक्रार आम्हा हौशी लोकांत कायम ऐकू येते. काकांच्या मारुती ओम्नीत मी इंजिनाचं तापमान आणि बॅटरीचा व्होल्टेज दाखवणारा, गरज पडली तर बझर वाजवणारा एक छोटा बोर्ड बसवलाय. एक उन्हाळा आणि अर्धा पावसाळा तो टिकला आहे. सुरुवात करताना जी माहिती मला दहा ठिकाणांहून गोळा करावी लागली, ती कुणाला तरी एका जागी मिळावी म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडी २०१० ची, पेट्रोलची. काका कोल्हापुरी चपलांचा माल घेऊन रत्नागिरीला जातात, त्यामुळे आंबा घाट नेहमीचाच. २०२४ च्या उन्हाळ्यात परत येताना घाटात गाडी तापली आणि हेड गॅस्केट (इंजिनाच्या माथ्याखालचं सील) गेलं. गाडीतल्या मूळ तापमान मीटरचा काटा शेवटपर्यंत मध्यावरच होता. दुरुस्तीचे अकरा हजार गेले, शिवाय माल दोन दिवस अडकला. त्याआधी काकांनी बाजारातला एक तयार डिजिटल मीटर लावून पाहिला होता. तो बंद पडल्यावर तसलाच दुसरा लावला, तोही गेला. दिवाळीनंतर, म्हणजे नोव्हेंबर २०२४ मध्ये, ते दोन्ही मीटर मी उघडले. आत गाडीची तार थेट ७८एल०५ या छोट्या रेग्युलेटरला (जास्त व्होल्टेज उतरवून कायम पाच व्होल्ट देणारा भाग) जोडलेली होती. फ्यूज नाही, डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नाही, काही नाही. त्या रेग्युलेटरची इनपुट मर्यादा ३० व्होल्टच्या आसपास असते. बारा व्होल्टच्या बॅटरीला एवढी मर्यादा भरपूर वाटते, आणि बहुतेक घरगुती सर्किटं याच हिशोबावर मरतात.

म्हणून डिझाइनला हात लावण्याआधी काकांच्या गाडीत खरोखर किती व्होल्टेज असतं ते मोजायचं ठरवलं. मल्टिमीटरवर उभ्या गाडीत १२.५, इंजिन चालू असताना १४.१, आणि स्टार्टर मारताना क्षणभर साडेनऊ दिसले. पण मल्टिमीटर सावकाश असतो. मिलिसेकंदात होऊन जाणारं त्याला दिसतच नाही. त्यासाठी ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारं यंत्र, हवा, आणि तो विकत घ्यायची ऐपत नव्हती.

ओळखीतले एक सर इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. ते म्हणाले, "अर्ज दे, प्रयोगशाळा वापरायला देतील, पण रीतसर ये." रीतसर म्हणजे विभागप्रमुखांच्या नावे दोन प्रतींत अर्ज, काय मोजायचं आणि कोणतं उपकरण लागणार याचा एक परिच्छेद, कार्यालयात देऊन आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का, आणि गाडी आत न्यायची म्हणून आरसी, लायसन्स आणि आधारची झेरॉक्स. डिसेंबरात परीक्षा होत्या, त्यामुळे महिनाभर काहीच हललं नाही. शेवटी १८ जानेवारीचा शनिवार मिळाला. तुम्हीही असं करणार असाल तर अर्जात "गाडी वर्कशॉपच्या दाराशी उभी राहील, प्रयोगशाळेत येणार नाही" एवढं वाक्य जरूर घाला. माझा अर्ज गेट पासपाशी अडला होता, तो या एका खुलाशाने सुटला.

त्या शनिवारने सगळं चित्र बदललं. सरांनी प्रोब फ्यूज बॉक्समधल्या इग्निशनच्या तारेला लावला आणि काकांना स्टार्टर मारायला सांगितलं. स्क्रीनवरची रेषा साडेबारावरून धाडकन सातच्या खाली गेली, थोडी वर आली, प्रत्येक पिस्टनच्या दाबाबरोबर हेलकावत राहिली आणि मग चौदावर जाऊन स्थिरावली. नंतर चावी बंद केली. त्या क्षणी त्याच तारेवर उणे बाजूला एक अणकुचीदार काटा उमटला, ऐंशी व्होल्टच्या आसपास. म्हणजे बारा व्होल्टच्या तारेवर क्षणभर उलटे ऐंशी. वायपरची मोटर, रिले (विजेने चालणारा स्विच), इग्निशन कॉइल अशा गुंडाळी असलेल्या वस्तूंचा प्रवाह अचानक तोडला की त्या साठवलेली ऊर्जा अशी परत फेकतात. हॉर्न सोडला की वेगळा काटा, इंजिन चालू असताना स्पार्कची बारीक केसाळ गडबड सतत. काका शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, "आणि ह्यात आपण शंभर रुपयांचा मीटर लावत होतो व्हय!"

कंपन्या या सगळ्यासाठी ठरलेल्या मानकांवर चाचण्या घेतात. आयएसओ ७६३७-२ मध्ये या काट्यांचे प्रकार दिलेत. मी पाहिला त्या जातीच्या उलट्या काट्यासाठी १२ व्होल्टच्या गाडीत उणे ७५ ते उणे १५० व्होल्टपर्यंतची चाचणी असते. आयएसओ १६७५०-२ मध्ये बॅटरी उलटी जोडली जाणं, २४ व्होल्टवरून जंप स्टार्ट (दुसऱ्या गाडीवरून केबल लावून चालू करणं) आणि सगळ्यात वाईट प्रकार, लोड डंप, हे येतात. अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा, मेकॅनिकच्या भाषेत डायनामो) जोरात चार्जिंग करत असताना बॅटरी अचानक सुटली, तर त्याचा प्रवाह जायला जागा राहत नाही आणि तारेवरचा व्होल्टेज ७९ ते १०१ पर्यंत चढू शकतो. तोही मायक्रोसेकंदांसाठी नव्हे, ४० ते ४०० मिलिसेकंद. नव्या गाड्यांच्या बऱ्याच अल्टरनेटरमध्ये हे ३५ व्होल्टच्या आसपास रोखणारे डायोड आतच असतात. जुन्या गाडीत ते आहेत असं धरून चालू नये.

बॅटरी अचानक कशी सुटेल, असं वाटेल. एक म्हणजे टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचून ते सैल होतं. दुसरं कारण आपल्याकडे फार चालतं. अल्टरनेटर चालतो का बघायला मेकॅनिक चालू गाडीत बॅटरीची वायर काढतात. "गाडी बंद पडली न्हाय म्हणजे डायनामो चांगला." ही चाचणी म्हणजे हुबेहूब लोड डंप आहे. हे समजल्यावर मी काकांना हात जोडून सांगितलं, की तुमच्या गाडीत हे कुणालाही करू देऊ नका. बॅटरीवर मल्टिमीटर लावून १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसलं की अल्टरनेटर ठीक. त्याच दिवशी टर्मिनल गरम पाण्याने धुऊन, घासून, घट्ट करून वर पेट्रोलियम जेली लावली. या कामाला खर्च शून्य, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं संरक्षण हेच.

फेब्रुवारीत सर्किट कागदावर उतरवलं. क्रम महत्त्वाचा आहे म्हणून क्रमानेच सांगतो.

पहिला फ्यूज, एक अँपियरचा ब्लेड फ्यूज, फ्यूज बॉक्सच्या अगदी जवळ. काकूंची एकच काळजी होती, "गाडी पेटली तर?" ती अगदी रास्त होती. गाडीचा सगळा सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. धन तार कुठे घासून उघडी पडली आणि पत्र्याला टेकली, तर बॅटरी शेकडो अँपियर ओतते. फ्यूज बोर्डावर लावला तर बोर्ड वाचतो, पण तिथवर आलेली तार पेटते. म्हणून तो उगमापाशीच हवा.

फ्यूजनंतर २२ ओहमचा पाच वॅटचा रेझिस्टर, दुकानात ज्याला सिमेंटचा म्हणतात तो पांढरा चौकोनी. माझा बोर्ड साठ मिलिअँपियरच घेतो, त्यामुळे रोज त्यावर सुमारे १.३ व्होल्टच जातो. पण लोड डंपचे शंभर व्होल्ट आले तर पुढच्या भागांत सव्वातीन अँपियरच्या वर प्रवाह शिरू शकत नाही. मोबाइल चार्जरसारखा जास्त प्रवाह घेणारा बोर्ड असेल तर ही युक्ती चालत नाही, तिथे मोठा टीव्हीएस डायोड (पुढे सांगतोय तो) लागतो. कमी प्रवाहाच्या सर्किटला मात्र पाच रुपयांत एवढं संरक्षण दुसरं नाही.

त्यापुढे टीव्हीएस डायोड. ठरावीक व्होल्टेजच्या वर तारेवर काही आलं की तो वाहू लागतो आणि जादाचं जमिनीकडे, म्हणजे गाडीच्या ऋण टोकाकडे, वळवतो. किती व्होल्टचा घ्यावा, यावर मी बराच वेळ अडकलो. बरेच जण चौदाच्या जरा वर म्हणून अठरा-वीसचा सुचवतात. पण आपल्या भागात साखर कारखान्यांचा हंगाम चालू असला की रस्त्यावर उसाचे ट्रक असतात, आणि बॅटरी उतरलेल्या गाडीला त्यांच्यावरूनच केबल लावून चालू करायची पद्धत आहे. ट्रक २४ व्होल्टचा, इंजिन चालू असेल तर २८ चा. वीसचा टीव्हीएस तिथे सतत वाहत राहून जळेल. १.५केई३०सीए हा भाग साधारण २८.५ ते ३१.५ ला वाहू लागतो आणि पूर्ण जोराच्या धक्क्यातही ४१.४ च्या वर जाऊ देत नाही. दोन्ही बाजूंना चालतो, त्यामुळे तो उलटा काटाही तोच पकडतो. पंचवीस-तीस रुपयांना मिळतो.

मग उलट्या जोडणीसाठी डायोड. सगळे शॉटकी जातीचा डायोड सुचवतात, कारण त्यावर व्होल्टेज कमी जातं. मी साधा १एन४००७ घेतला. नेहमीचा शॉटकी ४० व्होल्टचा असतो. बाहेर उणे काटा आणि आत कपॅसिटरमध्ये (वीज थोडा वेळ साठवणारा भाग) अधिक बारा म्हटल्यावर दोन्हींची बेरीज त्याच्यावर पडते. १एन४००७ हजार व्होल्ट उलटे सोसतो आणि दोन रुपयांना येतो. पी-चॅनल मॉस्फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) हा तिसरा मार्ग, पण स्टार्टर मारताना कपॅसिटरमधली वीज परत गाडीकडे वाहून जाणं तो थांबवत नाही. डायोड थांबवतो.

शेवटी रेग्युलेटर एलएम२९४०, जो गाड्यांसाठीच बनवलेला आहे. तो क्षणिक ६० व्होल्ट सोसतो. नावात शेवटी सी असलेला ४५. टीव्हीएसचे ४१.४ दोन्हींच्या आत बसतात, आणि साखळी इथे जुळते. नेहमीच्या ७८०५ ची मर्यादा ३५, म्हणजे टीव्हीएस आपलं काम चोख करत असतानाच तो मरू शकतो. एलएम२९४० वापरताना आउटपुटला किमान २२ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावा. नुसता सिरॅमिक लावला तर हा रेग्युलेटर डोलायला लागतो आणि पाच व्होल्ट पाच राहत नाहीत.

स्टार्टर मारताना सातच्या खाली जाणाऱ्या व्होल्टेजचं काय, तर तिथे मी बोर्डाला बंद पडू दिलंय. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोर्डावरचा छोटा संगणक, एटीमेगा३२८ आहे. त्याचं ब्राउन-आउट डिटेक्शन (वीज कमी पडल्याची ओळख) ४.३ व्होल्टवर ठेवलं, म्हणजे अर्धवट विजेवर तो भलतंसलतं करत बसत नाही, सरळ थांबतो आणि वीज आली की नव्याने सुरू होतो.

बोर्ड परदेशातून छापून मागवले. पाच बोर्ड स्वस्तात झाले, पण कुरियरवाल्यांनी कस्टमसाठी केवायसी मागितली. आधार अपलोड करा, वस्तू वैयक्तिक वापरासाठी आहे असं लिहून द्या, ड्यूटी आणि हाताळणीचा आकार भरा. सगळं धरून साडेबाराशे रुपये लागले आणि पार्सल जवळजवळ दोन आठवडे अडकून होतं. मागवतानाच केवायसी करून ठेवली असती तर पार्सल लवकर सुटलं असतं, असं कुरियरच्या माणसाने सांगितलं. घाई असेल तर भारतातल्याच छापणाऱ्याकडे जा. पैसे थोडे जास्त, कटकट कमी.

सुटे भाग पुण्यात तपकीर गल्लीतून आणले. टीव्हीएस नकली निघायची भीती होती, म्हणून घरी तपासला. नऊ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या, मध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर, आणि टीव्हीएसच्या दोन टोकांवर मल्टिमीटर. तीसच्या आसपास दिसलं तर भाग बरोबर आहे. सगळे ३६ दिसले तर तो वाहतच नाही, काही दिसलंच नाही तर आतून शॉर्ट आहे.

तापमानासाठी डीएस१८बी२० सेन्सर. तो पाण्याच्या वरच्या होजमध्ये बसवायला मध्ये घालायचा पितळी तुकडा हवा होता. त्यासाठी कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर गाठलं. लेथवरच्या दादांनी माझं चित्र पाहिलं, बाजूला ठेवलं आणि विचारलं, "काय करायलाईस नेमकं? होज आण बघू." होजचा आतला व्यास स्वतः मोजून त्यांनी दोन्ही टोकांना क्लिप अडकेल अशी बारीक कड ठेवली, मधे सेन्सरची खोबण केली. माझ्या चित्रात ती कड नव्हती. गरम पाण्याच्या दाबाने होज निसटू नये म्हणून ती हवीच. तीनशे रुपये घेतले, चहा पाजला.

या सेन्सरची एक खोड लक्षात ठेवा. वीज गेली आणि परत आली की पहिलं मोजमाप होईपर्यंत तो बरोबर ८५ अंश सांगतो. खोलीच्या तापमानासाठी वापरताना हे चटकन कळतं. इंजिनाचं पाणी मात्र नेहमी ८५ ते ९५ च्याच घरात असतं, त्यामुळे खोटे ८५ खरे वाटतात. गडबडीने सेन्सर वारंवार रीसेट होत असेल तर स्क्रीनवर निवांत ८५ दिसतील आणि पाणी उकळत असेल. मी वीज आल्यानंतरचं पहिलं मोजमाप टाकून देतो, आणि नेमके ८५.०० लागोपाठ आले तर बझर वाजवतो. तार तुटली तर सेन्सर वाचणारी प्रोग्रामची लायब्ररी उणे १२७ देते, त्यालाही बझर. सेन्सरची तार शील्डची (बाहेरची गडबड अडवणारी जाळी असलेली) घेतली, स्पार्कच्या वायरींपासून लांब नेली आणि शील्ड फक्त बोर्डाच्या टोकाला जमिनीला जोडली. त्यानंतर आकडे उड्या मारायचे थांबले.

एप्रिलमध्ये घरीच चाचण्या. बोर्ड उलटा जोडला, काही झालं नाही. यूपीएसच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून पंचवीस व्होल्ट दहा मिनिटं दिले. रेग्युलेटर गरम झाला, पण चालला. मग सगळ्यात उपयोगी चाचणी : गाडीचाच एक रिले त्याच्या स्वतःच्या बंद संपर्कातून जोडला. चालू झाला की स्वतःची वीज तोडतो, सुटला की परत जोडतो, असा तो सतत कर्रर्र करत राहतो आणि तारेवर काट्यांचा पाऊस पाडतो. अर्धा तास तसा ठेवला. आकडे हलले नाहीत. तोवर पोटात गोळा होता, तो तेव्हा कुठे उतरला. खऱ्या लोड डंपची चाचणी घरी होत नाही, तिच्यासाठी पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी प्रयोगशाळा आहेत. त्या उद्योगांसाठी, हौसेच्या खिशाला त्या परवडत नाहीत.

गाडीत बसवताना मूळ वायरिंगची एकही तार कापली नाही. फ्यूज बॉक्समध्ये खाचेत बसणारा फ्यूज टॅप मिळतो, त्यातून इग्निशनची वीज घेतली. चावी बंद केली की बोर्ड पूर्ण बंद, म्हणजे गाडी आठवडाभर उभी राहिली तरी बॅटरी उतरत नाही. ॲक्सेसरीची तार निवडली तर स्टार्टरच्या वेळी वीज तशीही तुटते, हे लक्षात असू द्या. जोड सोल्डर न करता क्रिम्प केले (धातूच्या टोपीत दाबून बसवले), कारण सोल्डर जिथे संपतं तिथेच तार हादऱ्याने तुटते. जड भाग चिकटवायला गरम गोंद वापरू नका, उन्हात उभ्या गाडीत तो मऊ होतो. सिलिकॉन वापरा, पण व्हिनेगरसारखा वास येणारं नको, ते तांबं खातं. कपॅसिटर १०५ अंशांचे घ्या. साध्या एलसीडीची मजल बहुतेक वेळा पन्नास अंशांपर्यंतच असते, म्हणून मी एलईडीचे आकडे लावले.

तार न कापण्याचा फायदा मे महिन्यात दिसला. गाडीला पंधरा वर्षं होत होती, आरसीचं नूतनीकरण करायचं होतं. फॉर्म २५ मुदत संपण्याआधी साठ दिवसांच्या आत भरता येतो. तेव्हा, २०२५ च्या मे महिन्यात, पंधरा वर्षांवरच्या कारला नूतनीकरणाची फी पाच हजार होती, वर पर्यावरण कर वेगळा. विमा, पीयूसी आणि आधीच्या कराच्या पावत्या बरोबर ठेवा. तपासणीला गाडी न्यायच्या आदल्या रात्री फ्यूज टॅप आणि डबी काढून ठेवली, दहा मिनिटांचं काम. गाडी मूळ रूपात तपासली गेली, हेडलाइट-हॉर्नच्या वायरिंगला हात लागलेलाच नव्हता. पाच वर्षांची मुदत मिळाली. नवी, वॉरंटीतली गाडी असेल तर हीच पद्धत जास्तच गरजेची.

पहिली परीक्षा पन्हाळ्याची चढण, मग आंबा घाट. जुलैत भर पावसात काका माल घेऊन गेले. चढावर ९६ पर्यंत आकडा गेला, पंखा लागला, ९० वर आला. बझर १०५ ला लावलाय, तो अजून वाजलेला नाही. मधल्या काळात बॅटरी एकदा उतरली आणि काकांनी खरोखरच ट्रकवरून केबल लावली. "आकडे गेले की रे!" असा घाबरून फोन आला. फार जास्त व्होल्टेज आलं की एलएम२९४० स्वतःहून बंद होतो. केबल काढल्यावर आकडे परत आले.

एकूण खर्च, बोर्ड, भाग, पितळी तुकडा, डबी आणि पुण्याचा प्रवास धरून, साडेतीन हजारांच्या आत.

आता काकांच्या ओळखीच्या एका ट्रकमालकाला असाच बोर्ड हवाय. त्याला हे सर्किट चालणार नाही. २४ व्होल्टच्या गाड्यांसाठी लोड डंपचा आकडा १५१ ते २०२ व्होल्ट आहे, रोजचेच २८ असतात, आणि माझा टीव्हीएस तिथे कायम काठावर राहील. टीव्हीएस, रेझिस्टर, रेग्युलेटर तिन्ही नव्याने निवडावे लागतील. त्याआधी त्या ट्रकवर स्कोप लावायचाय, म्हणून कॉलेजला नवा अर्ज दिलाय. गेट पासचं वाक्य या वेळी पहिल्या ओळीत आहे.